गेज बरोबर होता

देवपूरच्या हॉलमध्ये जो गेज फुटला त्यात तेलाचे दोन थेंब होते, आणि ते मी घातले होते. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरात नाही, दुकानात नाही. नमाजनंतर दुआला हात उचलले तेव्हासुद्धा शब्द आडवळणानेच आले.

संपादकांनी मागितलं होतं ते निराळं. धंद्यातले किस्से लिहा, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा लिहा, दिवाळीत वाचायला बरं वाटेल असं काहीतरी द्या, असा त्यांचा निरोप होता. किस्से आहेत, एकदोन सांगतोही. पण लिहायला बसलं की पेन त्या दोन थेंबांपाशीच अडतं, म्हणून ते आधी सांगून मोकळा झालो. मोकळा कसला म्हणा. सुरुवात केली एवढंच.

माझं काम प्रेशर गेज दुरुस्तीचं. जळगावात मेहरूणच्या बाजूला छोटं दुकान आहे. मामूचं होतं, त्याच्यामागे माझ्याकडे आलं. गेज म्हणजे काय, हे लग्नकार्यात पाहुण्यांना समजावून सांगताना मी नेहमी जत्रेतल्या पिपाणीचं उदाहरण देतो. ती कागदाची गुंडाळलेली पिपाणी असते ना, फुंकली की सरळ होते आणि सोडली की पुन्हा वळते, तशीच एक पिपाणी गेजच्या पोटात असते. फक्त ती पितळेची किंवा पोलादाची असते आणि तिचं एक टोक कायमचं बंद असतं. आत दाब शिरला की ती सरळ व्हायला बघते. होत नाही, केसभर हलते. तेवढ्या केसभर हलण्याला छोटी दातेरी चाकं मोठं करतात आणि बाहेर काटा फिरतो. डाळ मिलचा बॉयलर असो, जिनिंगची प्रेस असो की केळी पिकवायच्या थंड खोल्या असोत, सगळा कारभार या केसभर हलण्यावर चाललेला असतो. मला अजून त्याचं नवल वाटतं. इतकी वर्षं पोटं उघडली, नवल काही कमी झालं नाही.

लोकांना मात्र पिपाणीशी देणंघेणं नसतं, त्यांना काटा हवा असतो. एका डाळ मिलचे शेठ गेज टेबलावर ठेवून म्हणाले, "सलीमभाऊ, काटा जरा मागे सरकवून द्या. तपासणीवाले यायचेत."

मी म्हटलं, "काटा सरकवतो, शेठ. पण बॉयलरला कोण समजावणार?"

शेठ हसले, गेज उचलला आणि दुसऱ्याकडे गेले. मला त्या उत्तराचा फार दिवस अभिमान होता. आता तो किस्सा सांगताना जीभ जड होते.

मामूकडे गेज तपासायचं एक यंत्र होतं, ते आजही माझ्या टेबलावर आहे. खाली तेलाची कुपी, तिच्यावर बोटाएवढा पोलादी दांडा, आणि दांड्यावर ठेवायच्या लोखंडी चकत्या. बाजूचं चाक फिरवून तेल दाबलं की दांडा चकत्यांसकट वर उचलला जातो. मग चकत्यांना हाताने हलकेच फिरवायचं. त्या फिरत राहतात. त्यांच्याखाली तेलाशिवाय काही नसतं, कुठे घासत नाहीत, आवाज नाही. आख्खं वजन तेलाच्या एका पापुद्र्यावर तरंगत असतं. त्या वजनाइतका दाब बरोबर गेजवर दिसला पाहिजे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मामूला विचारलं, "हे कोण फिरवतंय?" मामू म्हणाला, "चूप बैठ के देख." तेवढीच माझी शाळा.

मामूची एक रीत होती. शेजारणीचं भांडं आपण रिकामं परत करत नाही, साखरेचे चार दाणे तरी घालतो. तसं मामू गिऱ्हाइकाची वस्तू कोरडी परत करत नसे. गेज असो, कुलूप असो, कुणाची शिवणयंत्राची बॉबिन असो, परत देताना तेलाच्या डबीचं नाक लावून थेंबभर तेल सोडायचा. "सूखा मत लौटाना, बेटा. बरकत जाती है." माणूस जितका आदराचा तितका थेंब ठसठशीत. बिलात ते कधी लागलं नाही. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या आट्यांना म्हणूनच एक ओलसर चमक असायची आणि गिऱ्हाइकं ती ओळखत.

फक्त ऑक्सिजनचे गेज वेगळे. ते वरच्या फळीवर पांढऱ्या कपड्यात. त्यांना हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, आणि तेलाची डबी खाली, टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला. दाबातला ऑक्सिजन तेलाला भेटला की काडी लागत नाही, तेल आपोआप पेट घेतं. हे मामूने पहिल्याच आठवड्यात पढवलं होतं आणि मी पाठ केलं होतं. मी ते दुसऱ्यांनाही शिकवायचो, तीच तर गंमत.

एकदा एरंडोलकडचे एक आबा टॉवेलात बाळासारखं काहीतरी गुंडाळून घेऊन आले. उघडलं तर नवी एअर गन. जत्रेत फुगे फोडायची बंदूक असते ती नळी मोडून स्प्रिंग ताणायची. ही तशी नव्हती. हिच्या नळीखाली एक सिलिंडर होता, त्यात हवा आधीच कोंडून ठेवायची आणि टोकाला करंगळीच्या नखाएवढा गेज. मी असली वस्तू पहिल्यांदाच पाहत होतो.

आबा म्हणाले, "भाऊ, पंक्चरवालाकडे गयथू. त्याना कॉम्प्रेसरनी दम टाकी दिधा, पन काटा हालतच नही."

मी बंदुकीवरचे आकडे वाचले. गाडीच्या टायरात तीस-बत्तीस पाउंड हवा असते. या सिलिंडरमध्ये ती दोनशे बार दाबाने भरायची होती, म्हणजे टायरच्या नव्वद पट धरा. आबांना बार कळेना, पाउंडही पटेना. शेवटी म्हटलं, "आबा, कापूस क्विंटलवर विकता ना? आत अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दोन क्विंटलचा भार असतो. सगळीकडून, एकाच वेळी."

आबांनी स्वतःचं नख पाहिलं. मग म्हणाले, "आमना गल्लीमा वेल्डिंगवाला शे. त्याना जोडे ऑक्सिजनना मोठा बाटला शे. ती तं शुद्धच हवा शे ना? त्याच भरी टाकू?"

"आबा, ते करू नका. ती तेलाला शिवली तर पेटते."

"पन मी तं हिले रोज तेल लावस."

ते म्हणाले आणि बाकावर बंदुकीपासून हातभर लांब सरकून बसले.

आबांना सुरक्षित हवा भरून देणारं कोण, याची चौकशी करताना धुळ्याच्या नानांचं नाव कळलं. मी आबांबरोबर मुद्दाम गेलो. खरं सांगायचं तर मला ते भरणं बघायचं होतं.

नाना निवृत्त क्रीडाशिक्षक. देवपूरमध्ये एका शाळेमागचा जुना हॉल मागून घेऊन ते मुलामुलींना दहा मीटरची नेमबाजी शिकवत. मुलांच्या रायफली याच जातीच्या, हवा कोंडलेल्या. मोठा सिलिंडर नाशिकहून भरून यायचा, त्यातून रायफलचे छोटे सिलिंडर भरायचे. मध्ये एक जाड पाइप, एक वॉल्व्ह आणि एक गेज.

भरताना हॉलमधलं बोलणं बंद. मुलं भिंतीशी. गेजच्या तोंडासमोर कुणी उभं राहायचं नाही, बाजूने तिरकं वाचायचं. नाना वॉल्व्हवर हात ठेवत आणि तान्ह्याच्या ओठाला चमचा लावावा इतक्या हळू तो उघडत. कुठेतरी लांब साप सुस्कारतोय असा बारीक आवाज येई. "काट्याला चालू द्यायचं, धावू द्यायचं नाही," ते म्हणत. मध्येच थांबून सिलिंडरला हात लावायला सांगत. तो कोमट झालेला असे. सायकलचा पंप जोरात मारला की त्याचं बूड तापतं, तसंच हे. हवा दाबली की तापते. निवू द्यायची, काटा किंचित उतरतो, मग राहिलेली भरायची. दोनशेच्या वर कधीच नाही. शेवटी मोठ्या सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, पाइपात अडकलेली हवा सोडून दिली की एकच फटकारा, आणि मगच रायफलचा सिलिंडर सुटा करायचा. सिलिंडरवर त्याच्या आयुष्याची तारीख कोरलेली असते. ती उलटलेला सिलिंडर नानांनी मोडीत काढून खिडकीत झाडाची कुंडी टेकवायला ठेवला होता.

आबा भारावून हळूच म्हणाले, "हाऊ तं देवपूजा करी राहिना."

मग पूजा नावाची एक मुलगी उभी राहिली. शाळकरी, सडपातळ. तिने रायफल खांद्याला लावली आणि ती थांबली. नुसती थांबली. माझ्या टेबलावर चकत्या तरंगतात तेव्हा हवा जशी वाटते तसं त्या हॉलमध्ये वाटलं. टक्. दोन क्विंटलच्या भाराखाली कोंडलेली हवा, आणि बाहेर आली ती फक्त टक् एवढी. पुठ्ठ्याच्या बरोबर मध्यावर भोक. नाना म्हणाले, "चांगलं. पण श्वास आधी सोडलास." मला तर श्वास दिसलाच नव्हता.

त्या दिवसापासून मी नानांचा झालो. धुळ्याला काही काम नसलं तरी काढून जायचो. ते मला सलीमभाऊ म्हणत आणि मुलांना सांगत, "हे बघा, आपण ज्याच्यावर विश्वास ठेवतो त्या काट्याचे हे डॉक्टर."

पुढे एका स्पर्धेच्या निमित्ताने नाना आणि पूजा जळगावला आले, तेव्हा भरायचा गेज तपासायला घेऊन आले. मी तो यंत्रावर चढवला. पूजा चकत्यांकडे बघतच राहिली. "नाना, हे तरंगतंय," ती म्हणाली. नाना म्हणाले, "तुला असंच उभं राहायचंय." गेज खणखणीत निघाला. प्रत्येक आकड्याला काटा जागेवर. यंत्राचं तेल पिपाणीत राहू नये म्हणून मी ती पिचकारीने स्पिरिट घालून धुतली, पुन्हा धुतली, उन्हात सुकवली. हे सगळं बरोबर केलं. तोवर ते दोघं बाजूच्या गल्लीत केळीचे वेफर्स घ्यायला गेले होते.

गेज पुसून कागदात बांधायला घेतला आणि हात आपसूक डबीकडे गेला. नानांची वस्तू. नानांची वस्तू कोरडी कशी द्यायची? एक थेंब तोंडाशी सोडला, आणि माणूस आदराचा म्हणून दुसरा. थेंब आट्यांवरून आत उतरताना मी पाहिले. ऑक्सिजन असता तर हात छाटला गेला तरी डबी उचलली नसती. पण ही हवा होती. हवेशी माझं घरचं नातं. रंगवाल्याच्या, पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा तेलकटच असते, कधी काही झालेलं मी ऐकलं नव्हतं. मला वाटलं, हवा म्हणजे हवा.

आपल्याकडच्या मळ्यांत पाण्याला डिझेल इंजिन लावतात. त्याला ठिणगीचा प्लग नसतो. आत हवा इतकी दाबली जाते की ती तापून डिझेल पेटवते. हे मला शाळेपासून माहीत होतं. वॉल्व्ह हळू उघडला तरी पहिल्या फटीतून दोनशे बारची हवा बंद पिपाणीत घुसली की तिथेही तेच होऊ शकतं, हे दोन्ही तुकडे माझ्याच डोक्यात होते. ते एकमेकांना भेटले नाहीत. दरवेळी होईलच असं नाही. शंभरदा काहीही होणार नाही.

त्यांच्या हॉलमध्ये ते पहिल्यांदा भरतानाच झालं.

पूजाने फोन केला. ती नीट बोलली, रडली नाही. गेज फुटला, काच आणि तबकडी उडाली, नानांच्या उजव्या डोळ्याला लागलं, बाकी सगळे भिंतीशी होते, सगळे बरे आहेत. नाना स्वतः बाजूला उभे होते, पण तबकडी तिरकी उडाली. उजवा डोळा म्हणजे त्यांचा नेम धरायचा डोळा. तो परत आला नाही. आता त्यातून त्यांना उजेड आणि सावली एवढंच कळतं.

दवाखान्यातून मी हॉलवर गेलो आणि फुटलेला गेज तपासतो म्हणून घरी आणला. पिपाणी उसवली होती. आतून काळी, काजळी धरलेली. नाकाशी नेली तर जळक्या तेलाचा वास. मी ती फडक्यात गुंडाळली आणि मग भरपूर वेळ हात धूत बसलो.

मुलांच्या पालकांनी बैठक बोलावली. ते घाबरलेले होते, त्यात त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नानांच्या डोळ्यावर पट्टी. एक व्यापारी गृहस्थ, त्यांचा मुलगा नानांकडे शिकायचा, त्यांनी सरळ विचारलं, "नाना, वॉल्व्हची झडप जोरात उघडली का?"

नाना म्हणाले, "नाही. रोजच्यासारखीच उघडली."

"मग फुटला कसा? गेज खराब होता का?" आणि सगळे माझ्याकडे वळले.

मी म्हटलं, "गेज बरोबर होता."

वाक्य खरं होतं. काटा बरोबर होता, आकडे बरोबर होते. मी तिथेच थांबायला हवं होतं, किंवा पुढे बोलायला हवं होतं. मी पुढे बोललो, पण दुसरंच. "झडप घाईने उघडली तर आत उष्णता होते," असं म्हणालो. हेही खरंच. दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की तिसरं खोटं आपोआप तयार होतं, हे मला त्या खोलीत कळलं.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता, ते आठवायचा प्रयत्न करत होते. मग म्हणाले, "सलीमभाऊ म्हणतात तर झाली असेल घाई. त्या दिवशी स्पर्धेची गडबड होती."

गडबड नव्हती. पूजाने मला बैठकीनंतर सांगितलं की त्या दिवशी नाना नेहमीपेक्षाही सावकाश होते, नवा तपासलेला गेज म्हणून मुलांना काटा समजावून सांगत होते. ती बैठकीत बोलायला उठली, तर तिच्या वडिलांनी हात धरून खाली बसवलं.

नानांनी शिकवणं सोडलं. हॉल काही काळ बंद राहिला. डोळा गेला तो अपघात होता, त्याचा हिशेब माझा आणि अल्लाहचा. पण मी ज्याची आठवण हिरावून घेतली तो माणूस पोराबाळांना जन्मभर एकच गोष्ट शिकवत आला होता, की आपला हात आपल्याला माहीत असला पाहिजे. त्याचा त्याच्याच हातावरचा विश्वास मी दोन वाक्यांत उडवला आणि एसटीने घरी आलो.

मधली वर्षं अशीच गेली. मी धुळ्याला जाणं टाळू लागलो. दुकानात तेलाची डबी फळीवर गेली, रीत मोडली. गिऱ्हाइकं म्हणाली, सलीमभाऊ कोरडे झाले.

या वर्षी पूजा दुकानात आली. ओळखली नाही मी. आता तीच तो हॉल चालवते. नवा गेज आणला होता तिने.

"सिलिंडर भरतात तिथेच, नाशिकला, तपासून मिळाला असता," मी म्हटलं.

"नाना म्हणाले, दुसरीकडे द्यायचा नाही. गेज सलीमभाऊंकडेच."

मग चहा घेता घेता ती हसत सांगू लागली, नाना आता घरचा नळसुद्धा केवढा हळू उघडतात. थेंब, मग धार, मग थांबायचं. गॅसचं बटण तसंच, खोलीचं दारही तसंच. नानांच्या पत्नीला सगळी मुलं अक्का म्हणत. "अक्का चिडतात. म्हणतात, एक बादली भरायची तर दुपार होते. ज्या दिवशी झडप हळू उघडायची त्या दिवशी उघडली नाही, आता नळाला काय शिकवता? नाना नुसते हसतात."

मी गेज तपासला, धुतला, सुकवला, कोरडा बांधला. ती गेल्यावर शटर ओढलं आणि धुळ्याची गाडी धरली.

नाना हॉलवरच भेटले. मुलं नव्हती. ते रायफल डाव्या खांद्याला लावून उभे होते. सगळं आयुष्य उजव्या बाजूने नेम धरलेला माणूस, या वयात, डाव्या डोळ्याने, डाव्या हाताने. मी दारात थांबलो. हवा पुन्हा तशीच झाली. टक्. भोक मध्यापासून बोटभर लांब. ते पुठ्ठ्याजवळ गेले, अगदी नाक लावून बघितलं आणि पुन्हा जागेवर आले. मी आयुष्यात जेवढं दाबाखालचं काही पाहिलं आहे, त्यात त्या पाठीएवढं स्थिर काही पाहिलं नाही. बॉयलर नाही, सिलिंडर नाही.

मग मी सांगितलं. डबीपासून काजळीपर्यंत सगळं.

नानांनी रायफल खांद्यावरून उतरवली. मग विचारलं, "किती तेल?"

"दोन थेंब."

"का घातलं?"

"तुमची वस्तू होती म्हणून."

त्यांनी रायफलचा बोल्ट मागे ओढून उघडा ठेवला, ती टेबलावर नीट आडवी केली. "म्हणजे मी हळूच उघडला होता," ते म्हणाले.

"हो, नाना."

"मला वाटतच होतं. पण तुम्ही म्हणालात."

घर जवळच होतं. त्यांनी मला घरी नेलं, बसवलं आणि आत हाक मारली, "अगं, इकडे ये. सलीमभाऊ काय म्हणतात ते ऐक." मला सगळं पुन्हा सांगावं लागलं. अक्का पदराला हात पुसत उभ्या राहून ऐकत होत्या. माझं संपल्यावर त्या नानांना म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला उगाच बोलले."

नाना म्हणाले, "सवयीने बोलत होतीस. चालायचंच."

"चालायचंच काय?" मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाल्या, "चहा ठेवलाय तो घ्या. परत येऊ नका असं मी म्हणणार नाही. पण आज जा."

मी चहा घेतला. तो घेणंच सगळ्यांत कठीण होतं.

नाना फाटकापर्यंत आले. डोळ्याबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणाले, "पालकांना मी सांगितलं तर सारवासारव वाटेल. आणि फोनवर नको. फोनवर माणसाचं तोंड दिसत नाही."

बैठकीत ज्यांनी सवाल विचारला होता त्या व्यापारी गृहस्थांकडे मी आधी गेलो. त्यांचं दुकान आहे, गिऱ्हाईक होतं, त्यांनी गिऱ्हाइकाला थांबवून माझं ऐकलं. मग म्हणाले, "तेव्हा बोलला असतात तर आम्ही तुम्हाला सोडलं नसतं."

"हो. म्हणूनच बोललो नाही."

त्यांनी तराजूच्या पारड्यातलं वजन काढून बाजूला ठेवलं. "माझ्या मुलाला मी नानांच्या पाया पडू दिलं नव्हतं," म्हणाले. "निरोप घ्यायला गेला होता तो. मी परत बोलावला." मग ते थांबवलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

पूजाच्या वडिलांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुलीला आत जाऊन सांगितलं की तू तेव्हा बरोबर होतीस. बाहेर येऊन त्यांनी माझ्यासाठी दार उघडलं.

बाकीची घरं राहिली आहेत. काही देवपूरमध्येच आहेत, एक कुटुंब सुरतला गेलं, एकांचा पत्ता अजून लागलेला नाही. हा लेख त्यांच्यातल्या कुणाच्या हाती पडला तर त्याने माझं काम झालं असं मी धरणार नाही, कारण त्या बैठकीत ते माझ्या समोर बसले होते. नानांनी वॉल्व्ह हळूच उघडला होता, हे त्या प्रत्येकाच्या दारात उभं राहून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.